घाईत गोठलेला खडक

१२ जानेवारी

…आणि हे आणखी एक गेलं. टण्. काका, मी भट्टीसमोर पालथ्या बादलीवर बसून लिहितेय आणि लिहिता लिहिता बेसिनं तडकतायत. आवाज छान आहे. सायकलच्या घंटीसारखा. जरा वेळ शांतता असते, मला वाटतं संपलं, की पुन्हा टण्.

दार मी लवकर उघडलं. हे तुम्ही विचारणारच, म्हणून आधीच सांगते. तापमानाचा काटा तीनशेच्या वर होता. शंभरच्या खाली येईपर्यंत हात लावायचा नसतो. मी म्हटलं, बोटभर फट. मग म्हटलं, बोटभर उघडलंच आहे तर वीतभर. मग सरळ दारच. बाहेरची थंड हवा आत शिरताना माझ्या पोटऱ्यांना लागली. लगेच पहिलं गेलं.

फोन करत नाही, कारण नीट ऐकू येत नाही म्हणून फोनवर तुम्ही सगळ्याला हो म्हणता. मागे मी जिन्यावरून पडल्याचं सांगितलं तर म्हणालात, "वा वा, असंच चालू दे."

झिलई मात्र काय आली होती! पाणी साचून राहावं तशी. तडकलेल्या बेसिनात माझा चेहरा दिसतो, कपाळापासून हनुवटीपर्यंत चीर गेलेला. चेहऱ्याला शोभते.

आता पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. प्रसूतिगृहाच्या नव्या वॉर्डांना हात धुवायची बेसिनं हवीत. नमुना पसंत पडला तर सगळं काम मला. नाही पडला तर भट्टी बंद करून मी भाऊजींच्या शोरूममध्ये काउंटरवर बसेन, असं मी ताईच्या घरी जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर जाहीर करून बसले. कुणी मागितलं नव्हतं. भाऊजी फक्त "मीठ दे" म्हणाले होते.

भाऊजी वाईट नाहीत, हीच अडचण आहे. ते कारखान्यातली बेसिनं विकतात. ती तडकत नाहीत. त्यांच्यात चेहराही दिसतो.

तर तापलेली वस्तू थंड कशी करायची ते सांगा. तुम्ही आयुष्यभर खडकांचं थंड होणं शिकवलंत. मी तुमच्या वर्गात नव्हते, पण लहानपणी तुमच्या घरात होते, त्यामुळे सुटका झाली नाही. तरी तेव्हा लक्ष दिलं नाही ते नाहीच.

तुमची,
घाई

(टण्.)


१७ जानेवारी

घाईबाई,

पत्र वाचून तुझी काकू आधी हसली, मग मला म्हणाली, "आता तरी कुणाच्या उपयोगी पडा." ते करतो. निवृत्त झाल्यापासून मला कुणी प्रश्न विचारलेला नाही. दूधवाला विचारतो, पण त्याचा प्रश्न ठरलेला असतो. उत्तर लांबलं तर सोसून घे.

तुझ्या झिलईत सगळ्यात जास्त काय आहे? फेल्डस्पार. तू त्याला गोणीतली पांढरी पूड म्हणून ओळखतेस. मी त्याला व्यक्ती म्हणून ओळखतो. पृथ्वीच्या कवचात निम्म्याहून अधिक तोच आहे. ग्रॅनाइटच्या फरशीत जो गुलाबी किंवा दुधी दाणा दिसतो, तो हा. चाकूने ओरखडा उठत नाही, गारगोटीने उठतो. फोडला तर वेडावाकडा फुटत नाही. दोन दिशांना गुळगुळीत पाती पडतात, जवळजवळ काटकोनात. फुटतानाही शिस्त सोडत नाही. मला ही गोष्ट नेहमी भावत आली. मुलं मागून मला फेल्डस्पारच म्हणायची. आधी राग यायचा. मग विचार केला, जिथे जावं तिथे भेटतो, कंटाळवाणा दिसतो आणि टाळता येत नाही. मुलांनी अभ्यास केला होता.

आता त्याचा जन्म ऐक. जमिनीखाली खडक वितळलेला असतो. तो वर चढता चढता थंड होतो. सावकाश थंड झाला, म्हणजे हजारो वर्षं घेऊन, तर आतले अणू आपापली जागा शोधतात, रांगा लावतात, फेल्डस्पारचे बोटाएवढे, हाताएवढे स्फटिक वाढतात. घाईत थंड झाला, समजा एकदम बाहेर पडून पाण्यात कोसळला, तर कुणालाच जागा सापडत नाही. जो जिथे आहे तिथेच गोठतो. त्याला काच म्हणतात. काच म्हणजे ज्याला वेळ मिळाला नाही असा खडक. बिचारा.

आणि ग्रॅनाइटमधला हाच फेल्डस्पार पावसापाण्यात युगानुयुगं कुजला की त्याची माती होते. तीच तुझी बेसिनांची पांढरी माती. म्हणजे तू नातवाच्या अंगावर आजोबांचा कोट चढवतेस आणि दोघांना भट्टीत घालतेस. वर दार उघडून वारा घालतेस. नातू तडकला नाही तरच नवल.

उपाय सोपा आहे. धीर धर. आच बंद केलीस की धुराड्याची झडप त्याच क्षणी लाव. भोकंबिकं मातीने लिंप. भट्टीवर विटांचा आणखी एक थर रच. जमलं तर उतरतानाही बारीक आच चालू ठेव, म्हणजे तापमान जिन्यावरून उतरणाऱ्या म्हाताऱ्यासारखं एकेक पायरी खाली येईल. आणि तू तिथे थांबू नकोस. कुलूप लाव आणि किल्ली ताईकडे दे.

तुझा काका

ता. क. ह्यांनी आयुष्यात भट्टी लावलेली नाही. घरी गीझर लावायलाही मीच जाते. हे लक्षात असू दे. बाकी आशीर्वाद. — काकू


२ फेब्रुवारी

काका,

सगळं तुम्ही सांगितलं तसं केलं. विटा रचल्या, भोकं लिंपली, बारीक आच ठेवली. किल्ली ताईकडे दिली. तिने ती भाऊजींकडे दिली, कारण ताई मला ओळखते, माझ्या रडण्याला बधते.

आज दार उघडलं. एकही बेसिन तडकलेलं नाही.

तुमची,
घाई


६ फेब्रुवारी

घाईबाई,

एकही नाही! तुझं पत्र मी तीनदा वाचलं. इतकं लहान पत्र तू आजवर लिहिलं नव्हतंस. आनंदाने शब्द फुटत नसतील, मी समजू शकतो. माझंही तसंच झालं, पण मी बोलत राहिलो.

सकाळी फिरायला गेलो तेव्हा बाकावरच्या निवृत्त सहकाऱ्यांना सांगितलं. भौतिकवाले म्हणाले, उष्णतेचा विषय मुळात त्यांचा. मी म्हटलं, उष्णता तुमची, थंड होणं आमचं. रसायनवाल्यांनी ऐकलं नाही, त्यांना माझ्याहून कमी ऐकू येतं. दुपारी भाजीवालीला सांगितलं. तिने वर कोथिंबीर फुकट दिली. एका सिद्धांताला मिळालेला हा माझा पहिला पुरस्कार.

इतकी वर्षं मी फळ्यावर आलेख काढले. वर तापमान, खाली वेळ, मधून उतरती रेघ. कधी वाटलं नव्हतं की ती रेघ कुणाच्या कामी येईल. काल तुझ्या काकूला म्हटलं, "बघ, सावकाशपणा ही माझी खोड नव्हती, ती पद्धत होती." ती म्हणाली, "पंखा पुसायचा राहिलाय, तिथेही पद्धत चालू आहे का?"

बेसिनं कशी दिसतात ते नीट लिही. चेहरा दिसतो ना?

तुझा काका

ता. क. ह्यांनी उत्साहाच्या भरात प्रसूतिगृहाच्या मेट्रनबाईंना पत्र टाकलंय. त्या माझ्या शाळेतल्या मैत्रीण, त्यामुळे मला आधी विचारायला हवं होतं, विचारलं नाही. "माझ्या देखरेखीखाली नमुना निर्दोष तयार झाला आहे" असं लिहिलंय. मेट्रनबाईंचा फोन आला. सव्वीस तारखेला सकाळी स्वतः येऊन बघतायत. तुझ्याकडे महिनाअखेरपर्यंत वेळ होता ना? सगळं ठीक आहे ना ग? — काकू


९ फेब्रुवारी

काका,

ठीक नाही.

एकही तडकलं नाही हे खरं लिहिलं. पुढचं लिहिलं नाही. तुम्ही इतक्या हौसेने सांगितलं होतं, तर म्हटलं, आधी काहीतरी मार्ग काढू आणि मग सांगू. मार्ग निघाला नाही आणि तुम्ही भाजीवालीपर्यंत पोहोचलात.

बेसिनं अख्खी आहेत आणि मेलेली आहेत. सगळी. चकाकी नाहीच. वर पीठ भुरभुरून पुसायचं राहून गेल्यासारखी. हात फिरवला तर वाईट लागत नाही, मऊ दगडासारखं लागतं, पण हात धुवायचं भांडं ते! मी एकावर चहा सांडून पाहिला. डाग पुसला, घासला, साबणाने घासला. तो तिथेच आहे. बाळंतिणींच्या वॉर्डात हे लावलं तर मेट्रनबाई मला त्यात बुडवतील.

चेहरा दिसतो का विचारलंत. मी वाकून बघते तेव्हा आत कुणीच नसतं.

झिलई तीच. माती तीच. पूड मोजून घालणारी मी तीच, आणि मोजण्यात मी चुकत नाही, घाई करते ती फक्त वाट बघण्यात. बदललं ते एकच: तुमचा धीर. पण थंड सावकाश केल्याने चकाकी का जावी? बाहेरून धूर नाही, राख नाही. मला काही सुचत नाही. एका बेसिनाच्या कडेची कपची फोडून सोबत पाठवतेय. बघा.

काल भाऊजी आले. शोरूमच्या कर्मचाऱ्यांचा निळा कोट घेऊन. "घाई नाही, बघून ठेव नुसता," म्हणाले. मी म्हटलं, "माझ्या मापाचा नसेल." तर म्हणे, "ताईने माप दिलं." घालून पाहिला. अगदी बरोबर बसला. मला वाटलं होतं निदान बाह्या तरी लांब असतील.

घाई


१३ फेब्रुवारी

घाई! घाई! घाई!

कपची मिळाली. दुपारी जेवण सोडून कामाला लागलो. काकूच्या टेबलाची काच काढली, तिच्यावर वाळूपूड घातली आणि कपची घासत बसलो. इतकी घासली की तिच्यातून उजेड आरपार गेला. मग माळ्यावरून माझा जुना सूक्ष्मदर्शक उतरवला. भिंगावर बुरशी आली होती, पण कडेने दिसतं.

आणि काय दिसलं! तुझ्या झिलईत स्फटिक आहेत. सरळ कडांच्या अरुंद पट्ट्या, हजारो, एकमेकींत घुसलेल्या. खालची चकती फिरवली की प्रत्येक पट्टीत बारीक रेघा आळीपाळीने काळ्या-पांढऱ्या होतात. ही खूण मी झोपेतही ओळखतो. फेल्डस्पार!

तू म्हणशील, मीच तर घातला होता. नाही! तू घातलेला तो पूर्ण वितळून गेला, त्याचा मागमूसही नाही. हा नवा आहे. तुझ्या झिलईत खडूची पूड असते ना, तिच्यातला चुना घेऊन हा दुसऱ्याच जातीचा फेल्डस्पार जन्माला आला. जमिनीच्या पोटात, लाव्हाच्या थरात जो वाढतो, तो तुझ्या शेडमध्ये, गॅसच्या टाकीशेजारी वाढला! मी तीस वर्षं तो फळ्यावर जन्माला घालत होतो. तू प्रत्यक्षात घातलास. हजारो वर्षं लागतात म्हणून मी मुलांना धाक दाखवायचो, तुझं काम दोन दिवसांत झालं.

एका पट्टीचं टोक दुभंगलेलं आहे, सुतारपक्ष्याच्या चोचीसारखं. त्याचं चित्र काढून सोबत जोडलंय. दुसऱ्या चित्रात तीन पट्ट्या तारकेसारख्या एकत्र आल्यात. तिसऱ्यात काही विशेष नाही, पण मला ते काढल्याशिवाय राहवलं नाही.

मी बाकावर कुणालाही काही सांगितलेलं नाही. हे आधी तुझं.

तुझा अत्यंत आनंदी काका

ता. क. ह्यांना विचारलं, "आणि बेसिनांचं काय?" तर भिंगातून डोळा न काढता म्हणाले, "कुठली बेसिनं?" माझ्या टेबलाला काच नाही, ह्यांच्या डोक्यात सव्वीस तारीख नाही. तू रागाव. माझं रागावून झालं, उपयोग होत नाही. — काकू


१६ फेब्रुवारी

काका,

तुमचे स्फटिक लखलाभ असोत. मला काच हवी होती.

मी ती बिचारी काच रोज भांड्यांवर चढवते. तीच विकते. वेळ मिळाला नाही म्हणून तुम्ही जिची कीव करता, तिच्यावर माझं घर चालतं.

तुमची चित्रं छान आहेत. चोचीचं जास्त.

निळा कोट दाराच्या खुंटीवर टांगलाय. येताजाता मला वाटतं कुणीतरी आलंय.

घाई


१९ फेब्रुवारी

घाई,

तुझं पत्र वाचून जेवलो नाही. म्हणजे जेवलो, पण काकूने दोनदा वाढलेलं कळलं नाही.

मग स्वतःला मूर्ख म्हणून झालं. मी निवांतपणे म्हटलं, माझी पद्धत ठाऊक आहेच. त्यानंतर एक साधी गोष्ट लक्षात आली, जी पहिल्या वर्षाच्या मुलालाही यायला हवी. मी वर्गात नेहमी शिकवलं की स्फटिक म्हणजे पूर्ण झालेला खडक आणि काच म्हणजे राहून गेलेला. आणि तू विचारलंस, थंड कसं करू, तर मी तुला स्फटिक वाढवायची कृती लिहून पाठवली. तुला बेसिन हवं होतं. मी ग्रॅनाइट बनवायला सांगितलं. कुणाला राहून गेलेलाच हवा असेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. फेल्डस्पार दोनच दिशांना फुटतो, माझं डोकं एकाच.

आता नीट ऐक. ह्या वेळी व्याख्यान नाही.

स्फटिक वाढतात ते तापमानाच्या वरच्या टप्प्यात, झिलई अजून पातळ असताना. तिथे रेंगाळलं की चकाकी गेली. तिथे हवी ती तुझी घाई. खालच्या टप्प्यात झिलई घट्ट होऊन बसलेली असते, तिथे काही वाढत नाही. पण तिथे भांडं तडकतं. मातीतली गारगोटी पावणेसहाशेच्या आसपास एकदम आकसते, आणि त्याच्याही खाली, एक बाजू गार आणि दुसरी गरम झाली की ताण सोसत नाही. तिथे हवा तो माझा धीर. पहिल्या वेळी तू सगळीकडे घाई केलीस, दुसऱ्या वेळी मी सगळीकडे धीर धरला. दोघं निम्मे बरोबर होतो आणि दोन्ही वेळा बेसिनं गेली.

मेलेली बेसिनं फेकू नकोस. ती पुन्हा पूर्ण आचेपर्यंत ने. माझे स्फटिक वितळतील. वितळू देत, चित्रं काढून ठेवलीत. मग आच बंद करून झडप उघड, सताड उघड, आतला पिवळा उजेड नारिंगी होऊन गडद लाल होईपर्यंत. मग सगळं बंद, आणि हात लावायचा नाही.

दुसऱ्यांदा भाजताना काही तडकतील असं मला वाटतं. किती, ते माहीत नाही. हे मी पुस्तकातून सांगतोय, आणि माझ्या पुस्तकाचं काय होतं ते तू पाहिलंयस. तुला नको असेल तर नाही म्हण.

हो म्हणालीस तर मी येतो. वरच्या टप्प्यात तू भट्टीपाशी उभी राहा, मी तोंड उघडणार नाही. खालच्या टप्प्यात मी दारासमोर खुर्ची टाकून बसेन आणि तुला जवळ येऊ देणार नाही. किल्लीपेक्षा मी बरा. रडण्याला बधत नाही, नीट ऐकूच येत नाही.

काका

ता. क. मी येत नाही, गुडघा दुखतोय. ह्यांच्यासोबत मफलर पाठवते, तो घालायला लाव. आणि मला दुसऱ्या दिवशीच कळव. ह्यांच्या पत्राची वाट बघणार नाही, त्यात चोची असतात. — काकू


२४ फेब्रुवारी, दुपार
(भट्टीपासून, अंगणापलीकडच्या खोलीत)

काका,

चिठ्ठी लिहून देतेय, कारण तुमच्याशी ओरडून बोललं की शेजारच्यांना भांडण वाटतं. भांडणच आहे, पण त्यांना कशाला कळायला हवं?

तोंड उघडणार नाही म्हणाला होतात. सकाळपासून तुम्ही खिडकीतून हाताने खुणा करताय. दोन्ही हात खाली दाबले म्हणजे "सावकाश", हे मला कळतं. वरचा टप्पा माझा आहे. हात खिशात घाला.

आच बंद केली. झडप सताड उघडली. बघायच्या भोकातून आत काय सुंदर दिसत होतं माहितीये? बेसिनं दिसतच नव्हती, नुसता उजेड होता बेसिनांच्या आकाराचा. आता नारिंगी होतोय. भोकाजवळ उभं राहून भुवई थोडी जळली, डावी.

गडद लाल झाला की सगळं बंद करते आणि झोपायला जाते. मग तुमची पाळी. मला उठवू नका. मी उठून आले तर हाकलून द्या. खरंच हाकला. मी काहीही सांगेन. बेसिनांतून रडण्याचा आवाज आला, असंही सांगेन.


२५ फेब्रुवारी, संध्याकाळ
(खोलीच्या दाराखालून)

घाई,

तू झोपलीयस म्हणून चिठ्ठी सरकवतोय. खरं कारण हे की तोंडावर सांगायची हिंमत नाही.

कालपासून मी खुर्ची सोडलेली नाही. तू दोनदा आलीस, दोनदा हाकललं. दुसऱ्या वेळी "नुसती झाडू घ्यायला आलेय" म्हणालीस, तरी हाकललं. मफलर घातला. चहा खुर्चीतच घेतला. कंटाळा आला तेव्हा हिमनद्यांचा विचार केला. माझ्याइतका धीराचा माणूस ह्या अंगणात कधी बसला नसेल, असं मी मनात दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणताना उठलो.

काटा दोनशेच्या जरा वर होता. बघायच्या भोकाची वीट समोरच होती. म्हटलं, आत काळोख असणार, काही दिसायचं नाही, मग काढायला काय हरकत? असा तर्क मी परीक्षेत वाचला असता तर शून्य दिलं असतं. वीट काढली. खिशातला टॉर्च लावला. आत वाकलो. भोकासमोरचं बेसिन दिसलं, आणि त्याच्यात टॉर्चचा दिवा दिसला. गोल, स्वच्छ, कडा न फुटलेला. काच, घाई! उत्तम काच! मी तिथेच उभा राहून बघत बसलो. किती वेळ ते मला विचारू नकोस. वारा माझ्या मफलरावरून आत जात होता हे मला नंतर जाणवलं.

टण्.

फोन ऐकू न येणाऱ्या माणसालाही ते ऐकू आलं.

वीट लगेच परत लावली, माती लिंपली. पुन्हा आवाज आलेला नाही. गेलं ते समोरचं एक, बाकीच्यांचं मला माहीत नाही. आता मी खुर्ची भट्टीकडे पाठ करून ठेवली आहे. तू आयुष्यभर दार का उघडत आलीस ते मला आज कळलं. आधी कळलं असतं तर पहिल्या पत्राला वेगळं उत्तर दिलं असतं. वर्गातही थोडं वेगळं वागलो असतो, पण ते जाऊ दे.

उद्या मेट्रनबाईंना आधी मी भेटेन. "माझ्या देखरेखीखाली" असं मीच लिहिलं होतं.

काका


२६ फेब्रुवारी

काकू,

तू म्हणालीस दुसऱ्या दिवशीच कळव, म्हणून लगेच लिहितेय.

सकाळी काका आणि मी दोघांनी मिळून दार उघडलं, काटा शंभरच्या खाली आल्यावर. काकांनी काटा मला तीन वेळा वाचायला लावला. भोकासमोरचं बेसिन दोन तुकडे झालं होतं. मागच्या कोपऱ्यातलं एक काठावर तडकलंय, ते कुणामुळे ते आम्ही ठरवलं नाही. बाकीची अख्खी आहेत आणि चकाकतात.

मेट्रनबाई नऊला आल्या. काका पुढे झाले आणि नमुना निर्दोष नाही, एक मी फोडलं, असं मोठ्याने सांगू लागले. बाईंनी त्यांना हाताने बाजूला केलं. नळाखाली एक बेसिन धरायला लावलं, त्यात त्यांच्याजवळचं आयोडीन ओतलं, थांबल्या, धुतलं, बोटाने पुसून बोट बघितलं. मग बेसिनावर वाकून केसांतली पिन सरळ केली आणि विचारलं, "उरलेली कधी देणार?"

मी म्हटलं, "लवकर." काका म्हणाले, "सावकाश." बाईंनी तारीख स्वतःच सांगितली.

काका आत्ता खुर्चीतच झोपलेत. मफलर आहे.